लग्न कोणत्या विधीने लागावे हे वधूवरांनी ठरवावे : महाराष्ट्रात कलम ७ ला जोड हवी

वैनगंगा (धागाकर्ती)

हिंदू विवाह कायदा, १९५५ चे कलम ७ दोनच पोटकलमांचे आहे. वधू किंवा वर यांपैकी कोणाही एकाकडे रूढीने चालत आलेल्या विधींनी विवाह लावता येईल, असे पहिले पोटकलम म्हणते. त्या विधींमध्ये सप्तपदीचा समावेश असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो आणि दोघांवर बंधनकारक ठरतो, असे दुसरे म्हणते. वाचताना हे पुरेसे मोकळे वाटते. परंतु ज्या दोघांना होम नको, कन्यादान नको, आणि आपल्या आईवडिलांसमोर व आप्तेष्टांसमोर मराठीत एकमेकांना वचन देऊन, माळा घालून लग्न करायचे आहे, त्यांना या कलमात जागा शोधावी लागते. त्यांचा विधी 'रूढ' आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येते. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये रूढीची व्याख्या आहे. ती दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली गेलेली असावी लागते. दोन विचारी माणसांनी मिळून ठरवलेला विधी या व्याख्येत बसणे अवघड आहे.

हा विषय आमच्या घरात आला तो भाचीच्या लग्नामुळे. मुलगा आणि मुलगी दोघेही कायद्याच्या दृष्टीने हिंदू, दोन्ही घरे राजी, नागपूरच्या वर्धा रोडवरचे मंगल कार्यालयही ठरलेले. विधी काय असावा याचा मजकूर दोघांनी बसून लिहिला होता आणि तो मला मनापासून आवडला. पुढे नोंदणीची चौकशी करायला मी त्यांच्यासोबत शहरातल्या एका नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी विवाह नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 'ड', उलटवला, वर, वधू आणि तीन साक्षीदारांचे रकाने मागे टाकले, लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या नावाच्या आणि सहीच्या रकान्यावर पेन टेकवले आणि विचारले, "इथे कोणाची सही येणार?" महाराज नसणार असे भाचीने सांगितल्यावर ते अगदी मदतीच्या सुरात म्हणाले, "मग ओळखीच्या एखाद्या महाराजांची सही घेऊन या. पुष्कळ जण तसेच करतात."

त्या कर्मचाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्यापुढे जो नमुना आहे तो भरून घेणे हे त्यांचे काम. माझी तक्रार अशा व्यवस्थेविषयी आहे जिथे दोन प्रामाणिक माणसांना आपल्या संसाराच्या पहिल्या सरकारी कागदावर, घडलेच नाही ते घडले असे लिहून द्यावे लागते.

नोंदणी झाली म्हणजे लग्न पक्के झाले, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांना तसे निर्देश दिले. तरीही नोंदणी हा विवाहाचा पुरावा आहे, तिने विवाह घडत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्या प्रकरणात विधी झालाच नव्हता, एका संस्थेचे प्रमाणपत्र आणि त्याआधारे झालेली नोंदणी एवढेच होते. न्यायालयाने तो विवाह मुळात झालाच नाही असे ठरवले. म्हणजे विधी कोणता, हा प्रश्न हौसेमौजेचा नाही. वारसा, पोटगी, निवृत्तिवेतन, मुलांची औरसता हे सारे त्या एका उत्तरावर उभे असते.

तामिळनाडूने या प्रश्नाचे उत्तर १९६७ मध्येच दिले आहे. तामिळ समाजसुधारक पेरियार यांच्या चळवळीत पुरोहिताविना 'स्वाभिमान विवाह' १९२० च्या दशकापासून होत होते. पुढे १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असा एक विवाह अवैध ठरवला आणि त्या पद्धतीने झालेल्या असंख्य संसारांवर टांगती तलवार आली. अण्णादुरै मुख्यमंत्री झाल्यावर राज्याने हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातले. नातेवाईक, मित्र किंवा अन्य व्यक्तींच्या उपस्थितीत, दोघांनाही समजणाऱ्या भाषेत एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे सांगणे, किंवा एकमेकांना हार वा अंगठी घालणे, किंवा ताली (तिकडचे मंगळसूत्र) बांधणे, यांपैकी काहीही एक केले तरी विवाह वैध. आधी झालेल्या अशा विवाहांनाही त्याच कायद्याने मान्यता मिळाली. पुदुच्चेरीतही अशीच तरतूद आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे सप्तपदीविना झालेला विवाह वैध मानला.

विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे तामिळनाडूने जे केले ते महाराष्ट्राच्या विधानसभेलाही, राष्ट्रपतींच्या संमतीने, करता येईल. आणि महाराष्ट्राने ते करावे याला आणखी एक कारण आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना सप्टेंबर १८७३ ची, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नाही, वधूवर स्वतः मराठीत एकमेकांशी बोलतात, अशी मंगलाष्टके जोतीरावांनी रचली. पेरियारांच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे घडले. 'लग्न आम्ही लावले नाही तरी दक्षिणा आमच्या हक्काची' म्हणून वतनदार जोशी फिर्यादी लावत आणि शेतकऱ्यांना कोर्टात उभे राहावे लागे, इतकी किंमत मोजून लोकांनी ही पद्धत टिकवली. दीडशे वर्षे उलटून गेल्यावरही तिला नाव घेऊन मान्यता देणारे एक वाक्य आपल्या कायद्यात नसावे, याची मला खंत वाटते.

जाणकारांनी लिहावे. विशेषतः अशा कलमाचा दुरुपयोग होईल का, हे मला समजून घ्यायचे आहे.

---

इतवारीकर

धागा आवडला, परंतु मूळ प्रश्न कळला नाही. ज्यांना होमहवन नको त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहेच. कोर्ट मॅरेज करावे, नंतर कार्यालयात हवा तसा समारंभ करावा. नवा कायदा कशाला?

---

बाररूम

मी सत्र न्यायालयात आणि नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर कौटुंबिक प्रकरणे चालवत आलो आहे. वैनगंगाताईंनी दुरुपयोगाचा प्रश्न विचारला आहे. माझा अनुभव असा की आज जो दुरुपयोग होतो तो विधीच्या काटेकोरपणामुळेच होतो, आणि त्याची झळ बहुतेक वेळा बायकांना बसते.

भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यातला १९६५ चा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. खटला महाराष्ट्रातलाच. पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप होता आणि खालच्या न्यायालयांनी शिक्षाही दिली होती. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात 'विवाह लागणे' याचा अर्थ योग्य त्या विधींनी विवाह संपन्न होणे. होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नाही, आणि ते विधी वगळण्याची रूढी त्या समाजात होती हेही सिद्ध झालेले नाही, म्हणून दुसरा विवाह विवाहच नव्हे, आणि विवाहच नाही तर द्विभार्या विवाहाचा गुन्हाही नाही. आरोपी सुटला.

कायद्याच्या तर्काने पाहिले तर निकालात चूक काढता येत नाही. परंतु त्याचा व्यवहारात काय अर्थ झाला ते पाहा. देवळात हार घालून, गावजेवण देऊन दुसरी बायको करणारा पुरुष न्यायालयात सांगतो की सातवे पाऊल पडले नव्हते. पहिलीला न्याय मिळत नाही. दुसरीला, जिला अनेकदा पहिलीची कल्पनाही नसते, ना पत्नीचा दर्जा मिळतो ना वारसा. साक्षीदारांना मी स्वतः उलटतपासणीत प्रश्न विचारले आहेत : अग्नीच्या कोणत्या बाजूला वर होता, मंत्र कोण म्हणत होते, पावले किती मोजली? लग्नाला जेवायला आलेला माणूस याची उत्तरे देऊ शकत नाही. या गुन्ह्याचे भारतीय दंड संहितेतले जुने कलम ४९४ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८२ आले, तरी पुराव्याची ही अडचण तशीच आहे.

म्हणून कलम ७-अ सारखी तरतूद आली तर 'आमचा विधी पुरा झालाच नव्हता' ही पळवाट मोठ्या प्रमाणात बंद होईल. चारचौघांत माळा घातल्या आणि स्वीकाराचे शब्द उच्चारले, एवढे सिद्ध झाले की पुरे.

दुसरी बाजूही सांगतो. विधी जितका सोपा, तितके तो 'झाला' असा खोटा दावा करणेही सोपे. एखाद्या खोलीत चार मित्रांसमोर हार घातले, एवढ्यावर एखाद्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध कोणी बायको ठरवू लागले तर? तामिळनाडूत वकिलांच्या कार्यालयांत लागलेल्या विवाहांबाबत मद्रास उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ही शंका घेतली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दृष्टिकोन मान्य केला नाही. विवाह जाहीर समारंभातच झाला पाहिजे असे कलम म्हणत नाही, आणि घरच्यांच्या दबावामुळे ज्यांना जाहीर समारंभ करताच येत नाही त्यांच्यावर तशी अट लादणे योग्य नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मला तो पटतो. तरीही महाराष्ट्राने मसुदा करताना तामिळनाडूच्या पुढे जाऊन साक्षीदारांची संख्या आणि लेखी जबाब यांचा विचार करावा, असे माझे मत आहे.

---

पिंपळपान

नागपुरात हा विषय निघावा आणि बौद्ध विवाहाचा उल्लेख होऊ नये असे व्हायला नको, म्हणून लिहितो.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घरांत लग्नाचा विधी बदलला. बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ च्या, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधीच्या, एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये एका चौरंगावर नवे मातीचे भांडे काठोकाठ पाणी भरून ठेवायचे. दोघांनी दोन बाजूंना उभे राहायचे, भांड्यात सोडलेल्या सुती दोऱ्याचे एकेक टोक हाती धरायचे आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. दोघांचे कपडे पांढरे. माझ्या आईवडिलांचे लग्न उत्तर नागपुरात असेच लागले. त्रिशरण आणि पंचशील झाले, दोघांनी प्रतिज्ञा म्हटल्या, दोरा धरला, माळा घातल्या. भटजीला बोलावण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही.

आता कायद्याकडे पाहू. कलम २ नुसार बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो. शिखांसाठी आनंद विवाह कायदा १९०९ पासून आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याखाली नोंदणीचीही सोय झाली. आर्य समाजाच्या विवाहांसाठी १९३७ चा कायदा आहे. बौद्धांच्या विवाहविधीला नावाने मान्यता देणारा केंद्रीय कायदा नाही. आमचा विधी 'रूढी' म्हणूनच टिकतो, आणि ज्या विधीची सुरुवात कोणत्या दिवशी झाली हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, त्याला 'दीर्घकाळ चालत आलेला' म्हणायचे की नाही, हा प्रश्न आमच्या लोकांना न्यायालयात ऐकावा लागला आहे. नवा धर्म स्वीकारणाऱ्याकडे जुनी रूढी कुठून असणार? तिला नाकारण्यासाठीच तर दीक्षा घेतली.

माझे मागणे थोडे वेगळे आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायदा असावा अशी मागणी आमच्यात जुनी आहे आणि तिला माझा पाठिंबा आहे. पण तो होईपर्यंत, किंवा झाल्यानंतरही, वैनगंगाताई म्हणतात तसे एक सर्वसाधारण कलम आले तर त्यात बौद्ध, सत्यशोधक, शिवधर्माच्या पद्धतीने शिवविवाह करणारे आणि कोणताच धर्मविधी न मानणारे, सारेच येतील. प्रत्येक नव्या विचाराने आपला वेगळा कायदा मिळवण्यासाठी पन्नास वर्षे वाट पाहावी, याला अर्थ नाही.

जाता जाता एक नोंद. कलम २(२) प्रमाणे अनुसूचित जमातींना हा कायदा केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे गडचिरोलीच्या गोंड, माडिया समाजाचे विवाह त्यांच्याच रूढीप्रमाणे चालतात. आपण जी दुरुस्ती मागू ती त्यांच्यावर लादली जाणार नाही, हे मसुद्यात स्पष्ट असावे.

---

ऊनसावली

इतवारीकर यांनी विशेष विवाह कायद्याचा मार्ग सुचवला आहे. मी त्या मार्गाने गेले आहे, म्हणून उत्तर देते.

तो कायदा विधीच्या बाबतीत लोकांना वाटतो त्याहून उदार आहे. कलम १२ सांगते की विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा तिथून वाजवी अंतरावरच्या ठिकाणी, दोघांना आवडेल त्या कोणत्याही पद्धतीने विवाह लावता येईल. अट एकच, की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकारल्याचे, दोघांना समजेल अशा भाषेत म्हणावे. तुम्ही अधिकाऱ्यांना कार्यालयाऐवजी आपल्या अंगणात बोलावू शकता, असे हे कलम आहे. प्रत्यक्षात अधिकाऱ्यांच्या अंगावर दस्तनोंदणीची इतकी कामे असतात की बाहेर येणे त्यांना जमत नाही आणि लोकही विचारत नाहीत. बहुतेकांचे लग्न टेबलासमोर, मागच्या जोडप्याच्या सह्या वाळत असताना, पाच मिनिटांत उरकते. हार घालायला जागा नाही म्हणून आम्ही जिन्यात घातले.

पण खरी अडचण त्या आधीची आहे. कलम ५ प्रमाणे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असले पाहिजे. कलम ६ प्रमाणे ती नोटीस दर्शनी ठिकाणी लावली जाते आणि तीस दिवस कोणालाही हरकत घेता येते. दुसऱ्या जिल्ह्यातले मूळ रहिवासी असाल तर तिकडच्या फलकावरही एक प्रत लागते. आमची नोटीस माझ्या गावी लागली आणि दोन दिवसांत ती कोणीतरी भ्रमणध्वनीवर टिपून भावकीत फिरवली. हरकत कोणी घेतली नाही, कारण कायद्याने घेण्यासारखी हरकतच नव्हती. तरी तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. मंगल कार्यालयात वाजतगाजत लग्न करणाऱ्यांना अशी नोटीस द्यावी लागत नाही. धर्माचा विधी केलात तर त्याच दिवशी लग्न, विधी नको म्हणालात तर एक महिना फलकावर टांगणार, ही विषमता मला मान्य नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडावी असे म्हटले, पण कायद्यातले शब्द तेच आहेत.

आंतरधर्मीय जोडप्यांना तर कलम १९ मुळे आणखी एक किंमत मोजावी लागते. एकत्र कुटुंबातला हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन सदस्य या कायद्याखाली लग्न करतो तेव्हा तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने ही अट गेली आहे, इतरांसाठी ती आहेच.

नागपूरकरांसाठी एक जुनी गोष्ट. १८७२ च्या पहिल्या नागरी विवाह कायद्यात आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताच धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९२३ मध्ये ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती काढून टाकणारी दुरुस्ती ज्यांनी मंजूर करून घेतली ते डॉ. हरिसिंग गौर. त्यांनी नागपुरात वकिली केली आणि पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. या शहराकडून अशी सुधारणा पुन्हा सुरू झाली तर ते उचितच होईल.

---

अक्षता

मी धरमपेठेत राहते आणि पौरोहित्य करते. ही चर्चा पुरोहितांच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आपल्याकडे बहुतेकांना वाटते की मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि वाजंत्री वाजली की लग्न लागले. लोक लगेच पंगतीकडे वळतात. कायद्याने ज्या क्षणाला लग्न पूर्ण होते ती सप्तपदी त्यानंतर, रिकाम्या होत आलेल्या मंडपात, चार घरच्या माणसांसमोर होते. तांदळाच्या सात लहान राशी मी ओळीने मांडते, वर वधूचा हात धरून तिला एकेका राशीवरून पुढे नेतो, आणि प्रत्येक पावलाला एक मागणे असते, अन्नाचे, बळाचे, समृद्धीचे, आणि सातव्याला सख्याचे. त्या सातव्या पावलाचा मंत्र मी नेहमी थांबून मराठीत समजावून सांगते, कारण तो खरोखर सुंदर आहे : तू माझी सखी हो. छायाचित्रकार कितीदा पाचव्या पावलावरून परत मागे यायला सांगतो, आणि दोघे येतातही. त्यांना तो विधी आपला वाटत नाही, कारण तो त्यांनी निवडलेलाच नसतो.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले आणि विधी अर्थासह, थोडक्यात करण्याची पद्धत रुजवली. मीही तसेच करते. ज्या जोडप्यांनी समजून उमजून सप्तपदी मागितली त्यांचे लग्न लावताना जे समाधान मिळते ते सक्तीच्या विधीत कधी मिळाले नाही. ज्यांना नको आहे त्यांच्यासाठी मला एक खोटी सही करायला सांगितली जाते, आणि मी ती करत नाही. कायद्याने त्यांना त्यांचा मार्ग दिला तर आम्हालाही आमचे काम स्वच्छपणे करता येईल.

---

लेस्टरवासी

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे. तिथला अनुभव या चर्चेला उपयोगी पडेल असे वाटते, कारण तिथे नेमका उलटा प्रकार आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा विधीपेक्षा जागेवर अडून बसतो. लग्न चर्चमध्ये, नोंदणी कार्यालयात, विवाहासाठी नोंदलेल्या धार्मिक इमारतीत किंवा मान्यताप्राप्त वास्तूतच लागले पाहिजे. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू यांना अठराव्या शतकापासून यातून सवलत आहे, बाकीच्यांना नाही. म्हणून आपल्या लोकांचे लग्न भाड्याच्या सभागृहात, अग्नीभोवती, पाचशे माणसांसमोर लागते, आणि कायद्याच्या लेखी ते काहीच नसते. त्यासाठी आधी किंवा नंतर नोंदणी कार्यालयात वेगळे लग्न करावे लागते. ते राहून गेले तर पुढे घटस्फोटाच्या वेळी बाईच्या हाती काहीच लागत नाही. केवळ निकाह झालेल्या एका प्रकरणात २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो विवाहच नव्हता असे ठरवले.

तिथल्या विधी आयोगाने, म्हणजे कायदा सुधारणा सुचवणाऱ्या आयोगाने, जुलै २०२२ च्या अहवालात सुचवले की जागेचे नियमन सोडा आणि लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीचे नियमन करा. मग लग्न बागेत, घरी, समुद्रकिनारी, कुठेही आणि कोणत्याही विधीने लागू शकेल. सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशी सुधारणा करण्याचा इरादा जाहीर केला. स्कॉटलंडमध्ये १९७७ च्या कायद्यापासून भर लग्न लावणाऱ्यावरच आहे आणि २००५ पासून तिथे मानवतावादी, म्हणजे धर्मविरहित, समारंभही वैध आहेत. त्यामुळे विवाहसंस्था कोसळल्याचे मी तरी पाहिले नाही.

महाराष्ट्राच्या मसुद्यात मला हेच हवे आहे : वचन ऐकणारी आणि त्याची लेखी नोंद करणारी एक जबाबदार व्यक्ती. ती पुरोहित असो, भिक्खू असो, सत्यशोधक कार्यकर्ता असो की निवृत्त शिक्षिका असो.

---

इतवारीकर

ऊनसावली, सविस्तर उत्तराबद्दल आभार. नोटिशीचा भाग मला इतका ठाऊक नव्हता. तरी एक शंका उरते. लेस्टरवासी म्हणतात तशी 'अधिकृत व्यक्ती' नेमली तर तामिळनाडूत जो मोकळेपणा आहे तो आपण पुन्हा परवान्यांच्या मागे लपवणार नाही का? आज महाराजांची सही, उद्या परवानाधारकाची.

---

बाररूम

शंका रास्त आहे. अधिकृत व्यक्ती सक्तीची करू नये, ऐच्छिक ठेवावी. ती असेल तर तिच्या नोंदीला पुराव्यात अधिक वजन द्यावे. नसेल तर साक्षीदारांच्या सह्यांचे निवेदन पुरेसे मानावे.

---

वैनगंगा (धागाकर्ती)

सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि अभ्यासाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वरील प्रतिसादांच्या आधारे मी निवेदनाचा गाभा असा मांडते. विदर्भातील आमदारांना आणि राज्याच्या विधी व न्याय विभागाला तो पाठवण्याचा विचार आहे.

हिंदू विवाह कायद्याला महाराष्ट्रापुरते कलम ७-अ जोडावे. त्यात म्हटले असावे की दोन प्रौढ साक्षीदारांच्या उपस्थितीत वधूवरांनी, दोघांनाही समजणाऱ्या भाषेत, एकमेकांना पती आणि पत्नी म्हणून स्वेच्छेने स्वीकारल्याचे उच्चारले म्हणजे विवाह पूर्ण होईल. त्यासोबत ते कोणताही धार्मिक वा अन्य विधी करू शकतील, किंवा काहीच करणार नाहीत. पुरोहिताची उपस्थिती आवश्यक नसेल. ज्यांना कलम ७ प्रमाणे सप्तपदीने किंवा आपल्या रूढीने विवाह करायचा आहे त्यांचा हक्क जसाच्या तसा राहील, आणि अनुसूचित जमातींच्या रूढींना या कलमाचा स्पर्श होणार नाही. यापूर्वी सत्यशोधक, बौद्ध किंवा तत्सम पद्धतीने झालेले विवाह याच कलमाखाली वैध समजले जातील. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते नसेल तर पिंपळपान यांच्या आईवडिलांसारख्यांना नव्या कायद्यातही जुन्या रूढीचाच आधार शोधत बसावे लागेल.

नमुना 'ड' मध्ये 'पुरोहित' या रकान्याऐवजी 'विवाह लावणारी व्यक्ती, असल्यास' असे शब्द घालावेत. माझ्या समजुतीप्रमाणे हा नमुना राज्याच्या नियमांचा भाग आहे, तेव्हा एवढ्या बदलासाठी विधानसभेत जाण्याची किंवा राष्ट्रपतींच्या संमतीची गरज पडू नये. बाररूम यांनी हे तपासून सांगावे.

विशेष विवाह कायद्यातील नोटिशीची प्रसिद्धी ऐच्छिक करावी ही मागणी मी वेगळ्या पत्रात, संसदेतील प्रतिनिधींना उद्देशून ठेवते. दोन्ही एकत्र केल्या तर राज्य सरकार केंद्राकडे बोट दाखवून पहिलीही बाजूला ठेवेल.

---

बाररूम

नमुन्याचा बदल नियमदुरुस्तीने, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे होऊ शकतो. म्हणून ती मागणी निवेदनात सर्वांत आधी घ्यावी. मागील विवाहांना मान्यता देणाऱ्या वाक्यात एक अपवाद मात्र घाला : मधल्या काळात त्या दोघांपैकी कोणाचा दुसरा वैध विवाह झाला असेल, किंवा त्यांचा विवाह शून्य, म्हणजे कायद्याने मुळातच न झालेला, असल्याचा न्यायालयीन निकाल अंतिम झाला असेल, तर त्या प्रकरणाला हे वाक्य लागू होणार नाही. तो अपवाद नसेल तर विधी विभाग पहिल्याच टिपणीत हरकत घेईल. मसुदा इथेच टाकावा, मी कलमांची भाषा तपासून देतो.

---

पिंपळपान

निवेदनाला सही देण्यास तयार आहे. उत्तर नागपुरातील विहारांमध्ये मसुदा वाचून दाखवण्याची जबाबदारी मी घेतो. विवाह लावणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांकडे जुन्या लग्नांच्या नोंदवह्या आहेत, त्यांतील विधीचा मजकूर निवेदनासोबत जोडता येईल का, हे त्यांना विचारून रविवारपर्यंत कळवतो.